गिरणीतील स्त्री आणि तिचा शब्द

'कष्टकरी माणसाला लिहायला वेळ कोठे असतो?' हा प्रश्न आपल्याकडील साहित्यचर्चेत अधूनमधून विचारला जातो. तो सहानुभूतीने विचारला जातो, त्यामुळे त्यातली सोय चटकन ध्यानात येत नाही. कष्टकऱ्याला वेळ नाही, म्हणून त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी लिहायचे आणि त्याने आपले दुःख दुसऱ्याच्या पुस्तकात वाचायचे, तेही वाचता आले तर, असा त्या प्रश्नाचा पुढचा अर्थ असतो. कष्टकरी स्त्रीच्या बाबतीत तर हा प्रश्नही कोणी विचारीत नाही. ती लिहिणार नाही हे गृहीतच धरलेले असते.

या गृहीताला छेद देणारा एक पुरावा अमेरिकेत आहे. तो आपण तपासला पाहिजे. त्यातून मुंबईच्या गिरणगावावर आणि आपल्या मराठवाड्यातील जिनिंगवरही उजेड पडतो. आपली दलित साहित्याची चळवळ ज्या नगरीत रुजली तिथे मिलिंद महाविद्यालयात डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे, त्या वेळच्या शब्दात निग्रो साहित्याकडे, तरुण लेखकांचे लक्ष वेधले होते. अमेरिकेकडे पाहण्याची ती सवय आपली जुनीच आहे. मात्र आपण तेथील गुलामाकडे पाहिले, तेथील गिरणीतल्या बाईकडे पाहिले नाही. आणि त्या दोघांना बांधणारा जो कापूस, त्याकडे तर कोणीच पाहिले नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्यात मेरिमॅक नदीच्या काठी लॉवेल नावाचे गाव आहे. नदीच्या पाण्याच्या जोरावर तेथे १८२३ पासून कापडगिरण्या चालू झाल्या. या गिरण्यांनी कामाला घेतल्या त्या मुख्यतः आसपासच्या शेतकरी घरांतील अविवाहित मुली. पंधरा ते तीस या वयातल्या त्या असत, आणि काही तर दहा-अकरा वर्षांच्याही असत. दिवसाचे बारा-तेरा तास काम. राहायला कंपनीच्या खानावळवजा वसतिगृहांत जागा. ही वसतिगृहे बहुधा विधवा बाया चालवीत. रात्री दहाला दार बंद होई. रविवारी चर्चला जाणे सक्तीचे. वर्तन बरे नाही असा शेरा पडला तर काम जाई आणि दुसऱ्या गिरणीतही मिळत नसे. म्हणजे घरातील बापाची सत्ता कंपनीने आपल्याकडे घेतली होती.

अशा जिण्यात या मुलींनी लिहिले. १८४० साली 'लॉवेल ऑफरिंग' हे नियतकालिक निघाले. त्यातले सारे लेखन गिरणीत काम करणाऱ्या स्त्रियांचे होते. हॅरिएट फार्ली आणि हॅरिएट कर्टिस या गिरणीतच काम केलेल्या दोघी पुढे त्याच्या संपादिका झाल्या. १८४२ साली चार्ल्स डिकन्सने लॉवेल पाहिले तेव्हा वसतिगृहांतले पियानो, मुलींनी वर्गणी भरून चालवलेली वाचनालये आणि हे नियतकालिक या तीन गोष्टींचे त्याला मोठे नवल वाटले, आणि आपल्या देशातील वाचकांना त्या खऱ्या वाटणार नाहीत असेही त्याने लिहिले.

तेव्हा वेळ नाही हे उत्तर टिकत नाही. तेरा तास मागापुढे उभे राहणारी बाईही लिहू शकते. लॉवेलच्या मुलींपाशी वेळ नव्हता, पण दोन गोष्टी होत्या. गावच्या शाळेत मिळालेली अक्षरओळख आणि छापून देणारे पान. आपल्या बायांपाशी या दोन्ही नव्हत्या, आणि त्या का नव्हत्या याचे उत्तर वेळेत सापडत नाही, धर्मशास्त्रात सापडते. शूद्रातिशूद्राला आणि स्त्रीला अक्षर नाकारणारी व्यवस्था 'कष्टकऱ्याला वेळ नसतो' या वाक्याच्या आड लपते. समीक्षकांनी ते वाक्य सोडून द्यावे हे बरे.

परंतु हा पुरावा येथेच थांबवला तर आपण डिकन्सप्रमाणे नवल करून परत येऊ. 'ऑफरिंग'मध्ये काय छापले जात होते हा पुढचा प्रश्न आहे. घरची आठवण, निसर्गवर्णने, उपदेशपर गोष्टी, कविता, विनोदी पत्रे असे ते लेखन आहे. त्यात थकवा आहे, यंत्रांचा आवाज आहे, मागे राहिलेल्या आईची ओढ आहे. परंतु पगार आणि कामाचे तास यांविषयीचा वाद त्यात जवळपास नाही. वाद चालू नव्हता असे मात्र नाही. १८३४ साली मजुरी कापल्यावर लॉवेलच्या बाया काम सोडून रस्त्यावर आल्या होत्या. १८३६ साली वसतिगृहाचा खर्च वाढवला तेव्हा दीड हजारांवर बाया बाहेर पडल्या. हॅरिएट हॅन्सन ही तेव्हा अकरा वर्षांची मुलगी होती. आपल्या खोलीतील मोठ्या बाया चुळबुळत असताना ती पुढे झाली आणि बाकीच्या तिच्या मागून निघाल्या. तिची विधवा आई कंपनीचे वसतिगृह चालवीत होती. मुलीला आवरले नाही म्हणून आईचे ते काम गेले. ही हकीकत हॅरिएटने पुढे हॅरिएट रॉबिन्सन या नावाने लिहिलेल्या आठवणींत सांगितली, पण त्या आठवणी छापल्या गेल्या १८९८ साली. साठ वर्षांनी.

सारा बॅगली ही 'ऑफरिंग'मध्येच लिहिणारी विणकर. १८४५ साली तिने जाहीर सभेत आरोप केला की, गिरणीवर टीका करणारे आपले लेख या नियतकालिकाने नाकारले. ते काही काळ मालकांची बाजू घेणाऱ्या वृत्तपत्राच्या चालकाच्या हाती होते हे लक्षात घेतले म्हणजे या आरोपाचे नवल वाटत नाही. बॅगलीने आणि तिच्या मैत्रिणींनी वेगळी वाट धरली. स्त्री-कामगारांची संघटना काढली, दहा तासांच्या दिवसासाठी हजारो सह्यांचे अर्ज केले, राज्याच्या विधिमंडळाच्या समितीपुढे साक्षी दिल्या आणि 'व्हॉइस ऑफ इंडस्ट्री' या कामगारांच्या साप्ताहिकात लिहिले. समितीने मागणी फेटाळली. स्त्रियांसाठी दहा तासांचा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये झाला तो १८७४ साली. तोपर्यंत त्या शेतकरी मुली गिरण्या सोडून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी स्थलांतरित आयरिश बाया आल्या होत्या.

एकाच गावात, एकाच गिरणीतील बायांचे हे दोन प्रकारचे लेखन आहे. पहिले लेखन 'आम्हीही सुसंस्कृत आहोत' हे सांगते. दुसरे 'आमचे तास कमी करा' हे सांगते. पहिल्याचे कौतुक मालकानेही केले, कारण त्याच्या गिरणीची ती शोभा होती. दुसऱ्याचे कौतुक कोणी केले नाही. दलित लेखकाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. 'तुम्ही लिहिता हे चांगले आहे, पण जरा कमी कडवट लिहा' असे सांगणारे आपल्यालाही भेटले आहेत. तरीही पहिल्या लेखनाला मी तुच्छ लेखणार नाही. जिला लोक यंत्राचा भाग समजतात तिने मला मन आहे असे सांगणे ही लहान गोष्ट नव्हे. फक्त त्या मनाला आपल्या पोटाविषयी बोलायला बंदी असेल तर ते मन अर्धेच छापले जाते.

आता त्या गिरणीच्या दाराबाहेर कोण होते ते पाहू. लॉवेलमध्ये विणला जाणारा कापूस दक्षिणेकडील मळ्यांतून येई. तो गुलाम स्त्री-पुरुषांनी वेचलेला असे. त्याच कापसाचे जाडेभरडे कापड लॉवेलमध्ये विणून गुलामांना नेसवण्यासाठी पुन्हा दक्षिणेत जाई. गुलामांच्या बोलण्यात त्या कापडाचे नावच 'लॉवेल' पडले होते. म्हणजे एक स्त्री कापूस वेचते, दुसरी विणते, आणि पहिलीच्याच अंगावर ते कापड शिक्क्यासारखे परत येते. दोघी एकमेकींना पाहत नाहीत. काळ्या स्त्रीला या गिरण्यांत मागावर जागा मिळत नसे.

लॉवेलच्या संपकरी बायांनी 'आम्ही गुलाम होणार नाही' अशा अर्थाची गाणी म्हटली. त्यांत 'गुलाम' हा शब्द आपल्या दुःखाची उपमा म्हणून आला. ज्यांच्यासाठी तो उपमा नव्हता त्या कापसाच्या दुसऱ्या टोकाला होत्या. सगळ्याच बाया याबाबत आंधळ्या होत्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. लॉवेलमध्ये गुलामगिरीविरोधी स्त्रियांची संस्था होती, आणि गिरणीतील कित्येकींनी अर्जांवर सह्या केल्या होत्या. अकराव्या वर्षापासून गिरणीत राबलेल्या लूसी लार्कम या कवयित्रीने पुढे एका कवितेत मागावरच्या बाईला हा प्रश्न विचारायला लावला की, माझ्या हातातील या धाग्यामागे कोणत्या बहिणीचे रक्त आहे. लॉवेलच्या साहित्यातील माझ्या मते सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच. तो उशिरा आला, पण आतून आला.

या कापसाचे दुसरे टोक आपल्या दारापर्यंत येते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. दक्षिणेचा कापूस अडला. लॉवेलचे माग थंडावले, इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या, आणि खानदेश-वऱ्हाडाच्या काळ्या मातीतील कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. मुंबईत पहिली गिरणी त्याआधीच, १८५६ साली, चालू झाली होती. पण युद्धकाळात कापसाच्या व्यापारात जो पैसा आला त्याने गिरणी-धंद्याची पायाभरणी झाली. त्याच युद्धातून गुलामगिरी नष्ट झाली आणि १८७३ साली महात्मा फुले यांनी आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. व्यापाऱ्याने त्या युद्धातून भाव उचलला. जोतीरावांनी त्यातून विचार उचलला. कापूस आणि माणूस यांचा संबंध आपल्याकडे प्रथम त्यांनी जोडून दाखवला.

गिरणीतले एक साधे काम घेऊ. मागावरील धोट्यातील कांडी संपली की विणकर नवी कांडी घालतो. तिचे सूत धोट्याच्या बारीक छिद्रातून बाहेर काढावे लागते. जुन्या पद्धतीच्या धोट्यात त्यासाठी छिद्राला ओठ लावून सूत तोंडाने ओढून घेत. लॉवेलची बाई हे दिवसातून अनेकदा करी. एकच धोटा अनेकींच्या तोंडाला लागे, कापसाची धूळ छातीत जाई आणि क्षय पसरे. या धोट्याला तेथे 'मरणाचे चुंबन' असे नाव पडले. १९११ साली मॅसॅच्युसेट्सने कायद्याने त्याला बंदी केली. तेथे तो आरोग्याचा प्रश्न होता.

मुंबईत तोच धोटा जातीचा प्रश्न झाला. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, मजुरी जास्त मिळे. सवर्ण विणकरांचे म्हणणे असे की, ज्या सुताला महाराचे तोंड लागले त्याला आम्ही तोंड लावणार नाही. म्हणून अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात मज्जाव. त्याने सूत कातण्याच्या खात्यात कमी पैशात राबावे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. कामगारांच्या मागण्यांत अस्पृश्यांना सर्व खाती खुली करण्याची मागणीही असली पाहिजे असा आग्रह त्यांनी धरला. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना मालकाचा अन्याय दिसत होता, साचेवाल्याच्या ओठावरचा अन्याय दिसायला वेळ लागला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. धोट्याच्या छिद्रात ते दोन्ही एकत्र दिसतात.

या वादात मात्र बोलणारे आणि ज्यांच्याविषयी बोलले जात होते ते सारेच पुरुष होते. स्त्रिया गिरणीत नव्हत्या काय? होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी-कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या. सूत गुंडाळण्याच्या वाइंडिंग आणि रीलिंग या खात्यांत त्या असत. कामाचे पैसे नगावर मिळत. त्यांच्यावर नायकीण असे. कामावर घेणे, काढणे आणि त्यासाठी हात ओले करून घेणे हे तिच्या हाती असे. लेकराला रडू नये म्हणून अफूची बाळगोळी देऊन बाया कामावर जात. १८९१ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखातील गिरण्यांत स्त्रियांचे काम दिवसाला अकरा तासांपर्यंत आणले. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याची बाजू मांडली. स्त्रीच्या श्रमातून मालकाला नफा होतो, तेव्हा तिच्या बाळंतपणाच्या विश्रांतीचा भार काही अंशी त्यानेही सोसला पाहिजे, असे त्यांनी सांगितले. १९२९ साली तो कायदा झाला. पुढे यंत्रे बदलली, कामगारकपात आली, आणि प्रथम खाली झाली ती बायांची खाती. १८ जानेवारी १९८२ रोजी शेवटचा मोठा संप सुरू झाला तेव्हा गिरणी-कामगार म्हणजे पुरुष हे चित्र पक्के झाले होते.

मराठी साहित्याने हे चित्र पक्के करायला हातभार लावला असे मला म्हणायचे आहे. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' ही गिरणगाव मराठी कादंबरीत आणणारी सुरुवातीची महत्त्वाची कृती. तिच्यात सहृदयता आहे, पण नजर बाहेरून आलेल्या लेखकाची आहे. अण्णाभाऊ साठे स्वतः गिरणीत राबलेले. त्यांच्या 'माझी मैना' या छक्कडीने साऱ्या महाराष्ट्राला रडवले. तिच्यातील स्त्री मात्र गावाकडे मागे राहिलेली आहे. मुंबईत, त्याच भोंग्यावर, त्याच फाटकातून आत जाणारी बाई त्या गाण्याच्या वाटेवर येत नाही. नारायण सुर्वे यांना पोरके मूल म्हणून उचलून वाढवणाऱ्या काशीबाई गिरणीत काम करीत होत्या. सुर्वे यांच्या कवितेत भोंग्याच्या हाकेने घराबाहेर पडणारी आई येते. मराठी कवितेला ही नवीच आई होती. पण ती येते ती आई म्हणून. तिचे खाते, तिची मजुरी, तिची नायकीण, तिचा राग यांची विचारपूस होत नाही. पुढे जयंत पवार यांच्या 'अधांतर' या १९९७ च्या नाटकातही उद्ध्वस्त गिरणगावातील घर सावरून धरते ती आईच.

आई या शब्दाविषयी आपल्याला आदर आहे. पण साहित्यात तो कधी कधी झाकणासारखा वापरला जातो. आई म्हटले की तिचे कष्ट प्रेमात जमा होतात आणि प्रेमाचा पगार मागता येत नाही. लॉवेलच्या बाया तरुण होत्या, अविवाहित होत्या, कोणाच्या आया नव्हत्या. म्हणून तेथील लेखनात निदान 'मी' आला. आपल्याकडे गिरणीतल्या बाईला 'मी' म्हणण्याआधीच तिच्या मुलाने 'माझी आई' म्हटले.

याला अपवाद आहेत. मुंबईत २४ एप्रिल १८९० रोजी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्यानंतर रविवारची सुट्टी मिळाली. त्या सभेत दोन स्त्री-कामगार बोलल्या अशी नोंद आहे. दहा हजार लोकांपुढे उभ्या राहून बोललेल्या या दोघींची नावे मात्र इतिहासाच्या पुस्तकांत सहसा आढळत नाहीत. बायांचे संघटन करणाऱ्या उषाताई डांगे यांनी आत्मकथन लिहिले, त्याला 'पण ऐकतं कोण?' हेच नाव द्यावे लागले. पार्वतीबाई भोर यांची 'एका रणरागिणीची हकीकत' पुस्तकरूपाने आली ती दुसऱ्याच्या शब्दांकनातून. म्हणजे बाई बोलली तर नाव गेले, आणि नाव राहिले तर लेखणी दुसऱ्याची.

आता आपण आपल्याकडे वळू. दुसऱ्यांचे दोष दाखवून आपली सुटका करून घेण्याची सवय प्रस्थापितांची आहे, ती आपण घेऊ नये. दया पवार यांच्या 'बलुतं'मध्ये कावाखान्यातील बाया चिंध्या, कागद, काच वेचतात. पुरुष गोदीत, गिरणीत जातात. दलित स्त्रीच्या श्रमाचा इतका सच्चा तपशील मराठीत त्याआधी क्वचितच आला होता. तरीही त्या बाया लेखकाच्या बालपणाच्या पार्श्वभूमीवर हलतात. त्यांच्यापैकी एकीनेही लिहिले असते तर कावाखाना कसा दिसला असता, हा प्रश्न आपल्या समीक्षेने विचारला नाही. आपण 'बलुतं'ची चर्चा केली ती जात, भाषा, अश्लीलता आणि आत्मकथनाचे रूप या अंगांनी. श्रम करणाऱ्या बाईच्या अंगाने केली नाही.

दलित स्त्रियांची आत्मकथने आली तेव्हा हे चित्र बदलू लागले. कुमुद पावडे यांचे 'अंतःस्फोट', बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं', शांताबाई कांबळे यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही १९८० च्या दशकातील पुस्तके. उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये आईचे बांबूच्या टोपल्या विणणे आणि लेकीचे लिहिणे यांची वीण एकच आहे. तेथे आई आई राहूनही कारागीर आहे. आणि १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. आंबेडकरी चळवळीतील बायांच्या घरोघरी जाऊन त्यांनी त्यांचे बोलणे उतरवून घेतले. गिरणीत राबून नागपूरच्या कामगार चळवळीत पुढारीपण करणाऱ्या राधाबाई कांबळे यांच्यासारख्या स्त्रीची ओळख त्या कामामुळे आपल्याला झाली. विद्यापीठाने करायचे काम दोन लेखिकांनी पदरमोड करून केले. त्यांनी ते केले नसते तर राधाबाईही लोखंडे यांच्या सभेतील त्या दोघींच्या रांगेत जाऊन बसल्या असत्या.

आता आपल्या नगरीविषयी. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे काल-परवापर्यंतचे औरंगाबाद, हे हिमरूचे आणि पैठणीचे नाव सांगते. पर्यटकाला येथे कापडाची कलाकुसर दाखवतात. याच शहरात १८८९ साली सूतगिरणी उभी राहिली आणि सातशे माणसे तिच्यात कामाला होती, ही गोष्ट जुन्या गॅझेटियरमध्ये आहे. १९०० साली गोदावरी खोऱ्यातील रेल्वे आली आणि तिच्या कडेने सरकी काढण्याचे कारखाने, म्हणजे जिनिंग, उभे राहिले. हा निजामाचा मुलूख. १८९१ चा ब्रिटिश कायदा येथे लागू नव्हता. गॅझेटियर आकडा देते, माणसे देत नाही. त्या जिनिंगमध्ये कापूस निवडणारे, वाहणारे, यंत्रापुढे ढकलणारे हात मोठ्या संख्येने बायांचे होते हे सांगायला गॅझेटियरची गरज नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरात ते हात होते.

माझ्या लहानपणी वस्तीतल्या बाया हंगामात जिनवर जात. माझी आईही जाई. संध्याकाळी परत येताना त्यांच्या केसांना, भुवयांना, लुगड्याच्या काठाला रुई चिकटलेली असे. आम्ही पोरे हसत असू, म्हातारी आली म्हणून. आई रात्रभर खोकायची. पगाराच्या कागदावर ती अंगठा उठवायची, आणि कागदावर किती लिहिले आहे ते तिला कोणी वाचून दाखवीत नसे. वस्तीत तिला कोणी 'कामगार' म्हटल्याचे मला आठवत नाही. 'जिनवर जाते' म्हणत, जसे 'पाण्याला जाते' म्हणतात. मी पुढे शिकलो, लिहू लागलो, आणि माझ्या लिहिण्यातही ती आली ती खोकणारी आई म्हणून. किती मजुरी मिळायची, मुकादम कसा वागायचा, जिनवर पाण्याच्या रांजणाला हात लावू देत होते का, हे मी तिला कधी विचारले नाही. विचारायचे सुचले तेव्हा ती राहिली नव्हती. ही चूक माझी आहे, आणि ती माझ्या एकट्याची नाही.

म्हणून कामगार-साहित्याची आणि दलित साहित्याचीही कसोटी मी अशी मांडतो. लेखन कष्टकऱ्यांविषयी आहे का, हा पहिला प्रश्न झाला. ते कष्टकऱ्याने लिहिले आहे का, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न 'लॉवेल ऑफरिंग' पार करते आणि तरीही अपुरे पडते. तिसरा प्रश्न असा की, ते लिहिणाऱ्याला आपल्या अन्नदात्याविरुद्ध आणि आपल्या शेजाऱ्याविरुद्धही बोलता येते का? मालकाविरुद्ध बॅगली बोलली. शेजाऱ्याच्या ओठाविरुद्ध बाबासाहेब बोलले. आपल्याच हातातील धाग्याविरुद्ध लार्कम बोलली. आपल्या घरातल्या पुरुषाविरुद्ध बेबी कांबळे बोलल्या, आणि आपल्यातल्या कित्येकांना ते रुचले नाही. हा तिसरा प्रश्न जे लेखन पार करते तेच पुढे उरेल.

आणि ज्या अजून बोलल्या नाहीत त्यांचे काय? लॉवेलच्या मुलींना शाळा आणि वाचनालय मिळाले होते. आपल्या मुलींना ते बाबासाहेबांच्या चळवळीमुळे तीन-चार पिढ्या उशिरा मिळाले. जिनवर गेलेल्या बायांच्या नाती आज महाविद्यालयांत आहेत. वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांत कंत्राटावर काम करणाऱ्याही त्यांच्यात आहेत. त्यांच्या हातात लेखणी आहे, आणि काहींच्या घरात अजून आजी आहे. एक वही घ्यावी आणि आजीपाशी बसावे. तिला कविता विचारू नये, उपदेशही विचारू नये. मजुरी किती होती ते विचारावे. हजेरी कोण घेई, पाणी कोठे पीत, लेकरू कोणाजवळ ठेवत, कोणत्या बाईने मुकादमाला उलटून उत्तर दिले आणि तिचे नाव काय होते, ते विचारावे. नाव विसरू नये. ते लिहून ठेवावे, आणि अशा नियतकालिकांनी ते जसेच्या तसे, तिच्या बोलीत, शुद्धलेखनाची कात्री न लावता छापावे. लोखंडे यांच्या सभेतील त्या दोघींचे शब्द आपल्याला परत मिळणार नाहीत. पण जिनवरून रुईने माखून परत आलेली जी बाई अजून ओसरीवर बसली आहे, तिचे शब्द गेले तर तो दोष निजामाचा नाही, मालकाचा नाही आणि मनूचाही नाही. तो आपला असेल.